पेशीविभाजनाचे दोन प्रकार आणि आपल्या घरातले प्रश्न



आपल्या वाङ्मय मंडळाच्या अंकात कविता असतात, कथा असतात, प्रवासवर्णनं असतात. यंदा मंडळाच्या मुलांनी माझ्याकडे विज्ञानाचा एक धडा मागितला, आणि तोही मराठीतून. मी प्राणिशास्त्र शिकवते. वर्गात माझं शिकवणं इंग्रजीतून चालतं, कारण परीक्षा इंग्रजीत असते. गोव्यातली आपली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्रजीत जातात. पुढे मायटोसिस, मायोसिस हे शब्द पाठ होतात, उत्तरपत्रिकेत आकृत्याही सुबक निघतात. पण घरी आजीनं विचारलं, "काय गो शिकतेस सध्या?" तर चार वाक्यांत सांगता येत नाही.

आणि घरी सांगण्यासारखं या धड्यात पुष्कळ आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावतात. मूल वेगळं जन्मलं तर 'हिनं ग्रहण पाळलं नसणार' म्हणतात. कुणाला कॅन्सर झाला तर हळूच त्याचं ताट वेगळं करतात. या तिन्ही गोष्टींचं खरं उत्तर पेशीविभाजनाच्या धड्यात आहे. म्हणून हाच विषय घेतला.

दोन की तीन?

माणसाच्या शरीरात पेशीविभाजनाचे प्रकार किती, असं वर्गात विचारलं की काही जण दोन म्हणतात, काही जण तीन. तीन म्हणणाऱ्यांनी कुठल्यातरी गाइडात 'असूत्री विभाजन' वाचलेलं असतं. त्यात केंद्रक सरळ मधोमध चिमटून तुटतं, गुणसूत्रांची नीट मांडणी वगैरे काही होत नाही. जीवाणू तर द्विविभाजनानंच वाढतात. आपल्या आतड्यात असे असंख्य जीवाणू राहतात, पण ते आपले पाहुणे. ते आपल्या पेशी नव्हेत. माणसाच्या स्वतःच्या निरोगी पेशींपुरते दोनच प्रकार लक्षात ठेवा : सूत्री विभाजन, म्हणजे मायटोसिस, आणि अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे मायोसिस.

मंडळाच्या अंकात लिहिते आहे, तेव्हा नावांबद्दल थोडं बोलू. वॉल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं सॅलॅमँडर नावाच्या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. विभागणाऱ्या पेशीत त्याला दोऱ्यांसारखं काहीतरी दिसलं. १८८२ साली त्यानं यावर ग्रंथ लिहिला आणि ग्रीक भाषेतल्या 'दोरा' या अर्थाच्या शब्दावरून मायटोसिस हे नाव दिलं. आपला 'सूत्री' हा शब्दही सूत्रावरूनच, म्हणजे दोऱ्यावरूनच आला. दुसऱ्या प्रकाराचं नाव १९०५ साली फार्मर आणि मूर या इंग्रज शास्त्रज्ञांनी दिलं. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'कमी होणं' असा आहे. मराठी शब्द त्याहून जास्त सांगतो. काय कमी झालं? गुणसूत्रं. किती कमी झाली? अर्धी. 'अर्धगुणसूत्री' हा शब्द नीट फोडला की व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

गुणसूत्रांचा आकडा मात्र पाठ हवा. माणसाच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. हा आकडा पक्का व्हायला १९५६ साल उजाडलं. स्वीडनमधल्या लुंड इथं जो हिन चियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी तो नीट मोजला. त्याआधी तीसेक वर्षं पुस्तकांत ४८ छापलं जायचं.

पहिला प्रकार : सूत्री विभाजन

दोन भाऊ वेगळे होतात तेव्हा घरातल्या वस्तूंची वाटणी होते. कपाट एकाला गेलं की दुसऱ्याला मिळत नाही. पेशीला असली वाटणी परवडणारी नसते. नव्या दोन्ही पेशींना सगळीच्या सगळी माहिती हवी असते. म्हणून विभाजनाआधी पेशी आपल्या सगळ्या डीएनएची झेरॉक्स काढते आणि मग दोघींना एकेक पूर्ण संच देते. ४६ गुणसूत्रांच्या एका पेशीपासून ४६ गुणसूत्रांच्या दोन पेशी. हेच सूत्री विभाजन.

ही झेरॉक्स काढण्याची तयारी फार मोठी असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीला एक पूर्ण फेरी करायला साधारण २४ तास लागतात, त्यातलं प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं. लग्नाची तयारी सहा महिने आणि मुहूर्त पाच मिनिटांचा, तसंच हे. त्या तासाभरात चार अवस्था होतात.

पूर्वावस्था : एरवी केंद्रकात डीएनए सैल पसरलेला असतो. एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो आता गुंडाळत जाऊन आखूड, जाड होतो आणि गुणसूत्रं दिसू लागतात. प्रत्येक गुणसूत्राची प्रत आधीच निघालेली असल्यामुळे ते दुहेरी दिसतं. या दोन प्रती गुणसूत्रबिंदूपाशी चिकटलेल्या असतात. केंद्रकाचं आवरण विरघळायला लागतं.

मध्यावस्था : सगळी गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका रांगेत येतात. दोन्ही टोकांकडून तंतू येऊन त्यांना धरतात. या तंतूंचा एकत्र आकार सूत कातायच्या टकळीसारखा, मधे फुगीर आणि टोकांना निमुळता. म्हणून त्यांना तर्कुतंतू म्हणतात.

पश्चावस्था : चिकटलेल्या प्रती सुटतात आणि तंतू त्यांना विरुद्ध टोकांकडे ओढून नेतात. एक प्रत इकडे, एक तिकडे.

अंत्यावस्था : टोकांना पोहोचलेली गुणसूत्रं पुन्हा सैल होतात, त्यांच्याभोवती नवं आवरण तयार होतं. एका पेशीत दोन केंद्रकं दिसतात. मग पिठाच्या गोळ्याला मधोमध दोरा आवळावा तशी पेशी चिमटत जाते आणि दोन पेशी वेगळ्या होतात.

एक सूचना. प्रॅक्टिकलला आपण कांद्याच्या मुळाचं टोक पाहतो. तिथं चारही अवस्था छान दिसतात, पण शेवटचं चिमटणं दिसत नाही. वनस्पतीच्या पेशीला कडक भिंत असते, त्यामुळे तिथं मधोमध नवी भिंत उभी राहते. माणसाच्या पेशीची आकृती काढताना कांद्याची आकृती काढू नका.

हे विभाजन आपल्या शरीरात या क्षणीही चालू आहे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्यात केंद्रकच नसतं, त्यामुळे त्या स्वतः विभागू शकत नाहीत. हाडांच्या मगजातल्या मूळ पेशी विभागून दर सेकंदाला वीसेक लाख नव्या तांबड्या पेशी तयार करतात. लहान आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं. कोयता लागून कापलेलं बोट भरून येतं ते याच विभाजनामुळे. यकृताचा मोठा तुकडा काढून दुसऱ्याला दिला तरी उरलेलं यकृत काही आठवड्यांत वाढतं. उलट मेंदूतल्या चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायूपेशी मोठेपणी जवळजवळ विभागत नाहीत. म्हणून हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेल्यावर मेलेला भाग पहिल्यासारखा भरून येत नाही.

विभाजन थांबलं नाही तर

पत्रादेवीला गाड्या तपासूनच पुढे सोडतात, तसे पेशीच्या फेरीतही नाके असतात. डीएनएची प्रत नीट निघाली का, प्रत्येक गुणसूत्राला दोन्हीकडचे तंतू लागले का, हे तपासल्याशिवाय पेशी पुढे जात नाही. बिघाड दुरुस्त होण्यासारखा नसेल तर पेशी स्वतःला संपवते. ही फेरी कोणती जनुकं आणि प्रथिनं चालवतात हे शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

या नाक्यांवरची जनुकंच बिघडली तर पेशी थांबायचं विसरते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. यालाच आपण कॅन्सर म्हणतो. म्हणजे कॅन्सर हा विभाजनाचा तिसरा प्रकार नव्हे. सूत्री विभाजनाचा लगाम सुटला की कॅन्सर होतो. त्या माणसाच्या स्वतःच्याच पेशी त्याच्या शरीरात वाढत असतात. त्या ताटातून, टॉवेलमधून, शेजारी बसण्यातून दुसऱ्याकडे जात नाहीत. हिपॅटायटिस बी किंवा एचपीव्हीसारखे काही विषाणू पसरतात आणि त्यांच्यामुळे पुढे काही कॅन्सर होऊ शकतात हे खरं, आणि त्यासाठी लसी आहेत. पण आजारी माणसाचं ताट वेगळं केल्यानं कुणाचंच रक्षण होत नाही. त्याला एकटं मात्र वाटतं.

केमोथेरपीत केस का गळतात, हेही आता तुम्हीच सांगू शकाल. यातली बरीच औषधं विभागणाऱ्या पेशींना गाठतात. कॅन्सरच्या पेशी भराभर विभागतात, पण केसांच्या मुळातल्या, तोंडातल्या आणि मगजातल्या निरोगी पेशीही भराभर विभागतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात. उपचार संपले की त्या निरोगी पेशी पुन्हा कामाला लागतात आणि बहुतेकांचे केस परत येतात.

यातली दोन औषधं आपल्या ओळखीच्या झाडातून आली. अंगणातली सदाफुली. हे झाड मूळचं मादागास्करचं. १९५८ साली कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिच्यातून व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं. पुढे व्हिनक्रिस्टिनही मिळालं, जे मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही वापरतात. ही औषधं तर्कुतंतू तयारच होऊ देत नाहीत. तंतू नाहीत म्हणजे गुणसूत्रं ओढली जात नाहीत आणि विभाजन मध्यावस्थेतच अडकतं. पण म्हणून अंगणातली सदाफुली कुणी चावून खाऊ नये. झाड विषारी आहे आणि औषधाची मात्रा डॉक्टरांनी मोजूनच द्यायची असते.

दुसरा प्रकार : अर्धगुणसूत्री विभाजन

हा प्रकार शरीरात दोनच ठिकाणी होतो : स्त्रीच्या बीजांडकोशात आणि पुरुषाच्या वृषणात. कारण साधं आहे. बीजांडात ४६ आणि शुक्राणूत ४६ गुणसूत्रं असती तर बाळात ९२ झाली असती, नातवंडात १८४. म्हणून पुढच्या पिढीकडे जाणाऱ्या पेशीत आधी निम्मी करावी लागतात. २३ आणि २३ मिळून पुन्हा ४६.

इथं डीएनएची प्रत एकदाच निघते, पण पेशी दोनदा विभागते. पहिल्या विभाजनात जोडीतली दोन गुणसूत्रं, म्हणजे आईकडचं आणि वडिलांकडचं, एकमेकांना शोधून जवळ येतात. त्यांना सजातीय गुणसूत्रं म्हणतात. जवळ आल्यावर ती आपले काही तुकडे एकमेकांत बदलतात. मग जोड्या फुटतात, जोडीतलं एक इकडे, एक तिकडे. संख्या इथंच निम्मी होते. दुसरं विभाजन सूत्री विभाजनासारखंच असतं, चिकटलेल्या प्रती सुटतात. शेवटी २३ गुणसूत्रांच्या चार पेशी मिळतात.

जोड्या फुटताना कुठलं गुणसूत्र कुठं जाईल हे ठरलेलं नसतं. २३ जोड्या, प्रत्येकीत दोन शक्यता. दोनाला २३ वेळा मांडून गुणा : ८३,८८,६०८. म्हणजे जवळजवळ चौऱ्याऐंशी लाख! आपल्याकडच्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी हा आकडा जुळतो तो निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला फार सोयीचा. आईकडच्या चौऱ्याऐंशी लाख शक्यता आणि वडिलांकडच्या तेवढ्याच, यांचा गुणाकार सुमारे ७० लाख कोटी होतो. तुकड्यांची अदलाबदल यात धरलेलीच नाही. सख्खी भावंडं एकाच आईबापाची असून एकसारखी का नसतात, याचं उत्तर हेच. एकसारखी जुळी भावंडं वेगळी, कारण ती एकाच फलित पेशीपासून सूत्री विभाजनानं झालेली असतात.

वृषणात हे काम वयात आल्यावर सुरू होतं आणि पुढे चालूच राहतं. एका पेशीपासून चार शुक्राणू होतात. बीजांडाची गोष्ट निराळी आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडपेशी पहिलं विभाजन सुरू करतात आणि पूर्वावस्थेतच थांबतात. जन्मावेळी तिच्याजवळ अशा दहा ते वीस लाख पेशी असतात. वयात आल्यावर दर महिन्याला साधारण एक पेशी पुढे सरकते, पहिलं विभाजन पूर्ण करते आणि दुसऱ्याच्या मध्यावस्थेत पुन्हा थांबते. शुक्राणू आत शिरला तरच दुसरं विभाजन पूर्ण होतं. शिवाय वाटणीही समान नसते. जवळजवळ सगळं जीवद्रव्य एकाच पेशीला मिळतं, उरलेल्या चिमुकल्या ध्रुवपेशी नाहीशा होतात.

याचा अर्थ थोडं थांबून बघा. तुम्ही ज्या बीजांडातून झालात, त्याची सुरुवात तुमची आई तिच्या आईच्या, म्हणजे तुमच्या आजीच्या, पोटात असताना झाली होती.

मुलगा की मुलगी

२३ व्या जोडीत स्त्रीकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. अर्धगुणसूत्री विभाजनात जोडी फुटली की प्रत्येक बीजांडाला एक्सच मिळतो, दुसरं काही मिळायला नाहीच. शुक्राणूंपैकी निम्म्यांना एक्स, निम्म्यांना वाय. बीजांडापर्यंत एक्सवाला पोहोचला तर मुलगी, वायवाला पोहोचला तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेनं १९०५ साली एका किड्यात हे दाखवलं. तेव्हा सुनेनं काय खाल्लं, कुठला उपास केला, याचा यात संबंध नाही. आणि वडिलांनाही दोष देऊ नका. कुठला शुक्राणू पुढे जाईल हे त्यांच्या हातात नसतं. मुलगी होण्यात दोष नाहीच, मग तो वाटायचा कशाला?

जोडी फुटली नाही तर

दोन वर्षांपूर्वी याच धड्यानंतर एक विद्यार्थिनी वर्ग रिकामा झाल्यावर थांबली. तिच्या वहिनीला डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ झालं होतं. घरातली मोठी माणसं म्हणत होती, ग्रहणाच्या वेळी वहिनी बाहेर गेली, सुरी धरली, त्याचं हे फळ. वहिनी स्वतःही तसंच मानून गप्प झाली होती. मुलीनं विचारलं, "मॅडम, यात वहिनीची चूक किती?"

मी फळ्यावर पुन्हा आकृती काढली. कधी कधी पहिल्या विभाजनात २१ व्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. जोडी फुटतच नाही. मग बीजांडात २३ ऐवजी २४ गुणसूत्रं येतात आणि बाळात ४७. डाऊन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र जास्त असतं हे १९५९ साली पॅरिसमध्ये लेजून, गोतिए आणि त्यूर्पें यांनी प्रसिद्ध केलं. बहुतेक वेळा ही गडबड बीजांडात होते, काही वेळा शुक्राणूत. थोड्या बाळांत ती गर्भधारणेनंतर सूत्री विभाजनात होते आणि मग शरीरातल्या काही पेशींत ४६, काहींत ४७ गुणसूत्रं असतात. फार थोड्या कुटुंबांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेल्यामुळे ते वारशानं येऊ शकतं, आणि ते तपासणीत कळतं.

आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते. पस्तिशीत साधारण ३५० त एक, चाळिशीत साधारण १०० त एक. कारण ती बीजांडपेशी तितकी वर्षं अर्ध्यावर थांबलेली असते. तरीही तरुण आयांनाही अशी बाळं होतात. ही गडबड बहुतेकदा गर्भ राहण्याच्या आधीच किंवा त्याच सुमारास होऊन गेलेली असते. नंतरच्या ग्रहणानं, सुरीनं, भाजी चिरण्यानं ४६ चे ४७ होऊ शकत नाहीत. म्हणून मी तिला म्हटलं, "चूक किती? शून्य." ती आकृती तिनं वहीत उतरवून घेतली आणि घरी नेली. तिनं घरी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. काही दिवसांनी तिनं निरोप आणला : वहिनी विचारतेय, बाळाच्या हृदयाची तपासणी करायची म्हणतात, ती कशासाठी? अशा मुलांत जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो, म्हणून ती तपासणी लवकर करायची असते. दोष कुणाचा हे बोलणं बंद झालं की बाळाला काय हवं हे विचारता येतं.

थोडक्यात फरक

१. सूत्री विभाजन शरीरभर होतं, अर्धगुणसूत्री फक्त बीजांडकोशात आणि वृषणात.
२. सूत्री विभाजनात पेशी एकदा विभागते, अर्धगुणसूत्रीत दोनदा. डीएनएची प्रत दोन्हींत एकदाच.
३. सूत्रीत ४६ च्या दोन पेशी, अर्धगुणसूत्रीत २३ च्या चार. बीजांडाच्या बाबतीत त्यातली एकच कामाची.
४. सूत्रीत नव्या पेशी मूळ पेशीसारख्याच, अर्धगुणसूत्रीत प्रत्येक वेगळी.
५. पहिल्याचं काम वाढ आणि दुरुस्ती, दुसऱ्याचं काम पुढची पिढी.

स्वतः तपासा

१. तांबड्या पेशीत सूत्री विभाजन का होत नाही?
२. संख्या निम्मी नेमकी कुठल्या विभाजनात होते, पहिल्या की दुसऱ्या?
३. सदाफुलीतलं औषध विभाजन कुठल्या अवस्थेत अडवतं आणि कसं?
४. दुसऱ्या विभाजनात २१ व्या गुणसूत्राच्या दोन प्रती सुटल्या नाहीत तर चार पेशींत किती किती गुणसूत्रं येतील? आकृती काढा.
५. मुलगा की मुलगी हे कसं ठरतं, ते घरातल्या कुणा मोठ्या माणसाला मराठीत किंवा कोकणीत, एकही इंग्रजी संज्ञा न वापरता समजावून सांगा.

पहिल्या चारांची उत्तरं मंडळाच्या पुढच्या बैठकीत फळ्यावर करू. पाचव्याचं काय झालं, ते मला येऊन सांगा.